पहिलं शीर्षक काढायला अख्खी यादी सॉर्ट का करायची?

तिरपा_कंस
कोड तपासताना परत तेच: फॉर-ईच (एकेक पुस्तक घेत फिरणं), आत सॉर्ट (क्रम लावणं), आणि 'पोझिशन १ असेल तरच छापा'. कशासाठी, तर पुस्तकांच्या एक्सएमएलमधून (खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या फाइलमधून) वर्णानुक्रमे पहिलं शीर्षक हवं. ही १९९९ च्या एक्सएसएलटी १.० ची (एक्सएमएलचं रूप बदलणाऱ्या भाषेची) सवय. २००७ मध्ये २.० आलं तेव्हापासून मिन() आहे, यादीतलं सर्वांत लहान मूल्य देणारं फंक्शन. माझं मत: २.० किंवा पुढचं हाताशी असताना ही कसरत दिसली की कोड परत पाठवावा.

जुना_जोगी
पाठवा की. पण आधी मिन(//शीर्षक) चालवून बघा. स्कीमा (कुठे कुठल्या प्रकारचा डेटा ते सांगणारी फाइल) नसेल तर मजकूर अनटाइप्ड, म्हणजे प्रकार न ठरलेला, आणि मिन() त्याचा आकडा करायला जातं. 'आंबा'चा आकडा काय होणार, कपाळ? एरर. सॉर्ट मुकाट्याने मजकूर धरतं.

तिरपा_कंस
मग //शीर्षक/स्ट्रिंग() लिहा, म्हणजे मजकूरच धरला जातो, झालं. मिन() चुकलं तर निदान बोंब तरी मारतं. १.० मध्ये 'ज्याच्याहून लहान कुणी नाही तो नोड (फाइलमधला घटक)' ही चलाखी करून बघा. 'पेक्षा लहान' म्हटलं की दोन्ही बाजूंचे आकडे होतात, शब्दांचे नॅन, म्हणजे 'आकडाच नाही'. तुलना कायम खोटी, त्यावर नॉट लावला की सगळेच पास, आणि छापला जातो फाइलमधला पहिला. चाचणीची यादी आधीच क्रमाने असेल तर पत्ताही लागत नाही. (खाल्लाय हा मार.)

काना_मात्रा
मराठी यादीवर चालवलंय का कुणी? कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) ठरवलं नसेल तर मिन() सहसा कोडपॉइंट, म्हणजे अक्षराचा युनिकोड क्रमांक, बघतं. ॲ युनिकोडमध्ये ०९७२ वर, म्हणजे 'ह'च्याही पुढे. 'ॲटलस', 'उत्सव', 'कविता' यांत सर्वांत लहान निघतो 'उत्सव'! तोच ॲ कुणी 'अ' आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांत टाइप केला असेल, तर मात्र 'ॲटलस' पहिला. दिसायला दोन्ही सारखेच. सॉर्टला निदान भाषा मराठी आहे असं सांगता येतं.

तिरपा_कंस
मिन()लाही येतं. दुसरा आर्ग्युमेंट कोलेशनचाच आहे.

जुना_जोगी
आमच्याकडे एक्सएसएलटी चालवायला एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोग्राम आहे, तो १.० वरच. पण ते सोडा. मिन() हातात देतं नुसती स्ट्रिंग, म्हणजे सुटा मजकूर. पुस्तक कुठाय? लेखक, किंमत छापायची तर ती स्ट्रिंग घेऊन परत शोधा, आणि त्या नावाची दोन पुस्तकं असली की दोन्ही येणार. सॉर्टमध्ये पुस्तकाचा नोडच समोर असतो.

तिरपा_कंस
नोड हवा असेल तर सॉर्ट, कबूल. मी परत पाठवलेल्या कोडमध्ये फक्त शीर्षकच छापायचं होतं.

काना_मात्रा
त्यात ॲ होता का?