अनुभव धागा : मराठवाड्यातून आखातात, उन्हाच्या देशात जाताना

परभणी-बीडच्या माणसाला ऊन काय सांगायचं! तरी दुबई, मस्कत, सौदीला निघालेली पोरं तेच ते प्रश्न विचारतात. तिथलं नेमकं माहीत असणाऱ्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको, कामाचं तेवढं सांगा.

साइटवरच्या कामाबद्दल
आपलं ऊन कोरडं, म्हणून माठातलं पाणी गार होतं. ऑगस्टमध्ये आखाताच्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की माठ गारच होत नाही. अंगावरचा घामही त्याच कारणानं वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळं "आम्ही बेचाळीस डिग्रीत रानात राबलोय" हा हिशोब तिथं चालत नाही. अंगाला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी ओढू नका. तहानेची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्या, मधून ओआरएस घ्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. यूएईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12.30 ते 3 उघड्यावरचं काम बंद असतं. कतारमध्ये 1 जूनपासूनच, सकाळी 10 ते दुपारी 3.30. फिरायला जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. अपवाद ओमानमधलं सलाला, तिथं ऐन उन्हाळ्यात भुरभुर पाऊस असतो. त्या हंगामाला ते 'खरीफ'च म्हणतात. आपला शब्दही तिकडूनच आलाय.

कागदांबद्दल
दहावी पास असाल तर पासपोर्ट काढतानाच सनद जोडा. नाहीतर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शिक्का बसतो आणि आखातात नोकरीला जायला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी लागते. एजंट हमखास म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर जा, तिथं नोकरीचा करून देतो." त्यात मंजुरी टळते, पण नोंदलेला करार आणि विमाही जातो. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. पावती मागा, परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका, एकच नाव असलेल्या पासपोर्टवर यूएईचा व्हिसा अडतो. पदवीला लॅमिनेशन तर करूच नका! साक्षांकनाचे शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर पडतात, प्लॅस्टिक सोलताना शाई निघते. ओमान, सौदीला अपोस्टिल (आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणन) चालतं. यूएईला दूतावासाचा शिक्काही लागतो.

मेडिकलचं एक राहिलं. बऱ्या झालेल्या टीबीचा जुना डागही एक्स-रेत दिसला की 'अनफिट' येतं. आधी साधा एक्स-रे काढून बघा, मगच एजंटला पैसे द्या.

पगाराबद्दल
एकूण आकडा बघून हुरळू नका, 'बेसिक' म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार किती ते विचारा. यूएईत ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) फक्त बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांची. पगार 2,000 दिरहम, पण बेसिक 800 असेल तर वर्षाला 560 दिरहम होतात. बेसिक 1,400 असेल तर 980. पाच वर्षांत 2,100 दिरहमचा फरक पडतो, म्हणूनच काही मालक भत्ते फुगवतात. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं तिथंही बेकायदाच आहे.

डब्याबद्दल
खसखस नेऊ नका. यूएई, सौदीत ती अमली पदार्थांत धरतात. नुसती पुडीच नव्हे; घरच्या काळ्या मसाल्यात ती असते, अनारशाला तर वरूनच लावलेली असते. आईला आधीच सांगा, मसाला खसखशीविना कुटायला. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी पुरेलच असं नाही, आधी परवानगी बघा.

जमिनीबद्दल
एनआरआय झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित ठेवता येते, वारसानंही मिळते. तेव्हा शेजारचं दोन एकर रान घ्यायचा विचार असेल तर तिकडं जाण्याआधीच खरेदीखत करा.