‘पायाचा एक्स-रे’ म्हणजे नक्की कशाचा? चिठ्ठीचा घोळ मिटवायचाय

काउंटरवाली
हाडांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे, सहा वर्षं झाली. सातारा जिल्हा, तालुक्याचं गाव. दवाखान्यात एक्स-रे मशीन नाही, समोरच्या गल्लीत सेंटर आहे. पेशंट आधी सरांना दाखवतो, मग चिठ्ठी, मग सेंटरवर नंबर, फिल्म घेऊन परत, की आमच्याकडे पुन्हा नंबर. बाजाराच्या दिवशी यात दिवस जातो. गर्दीला माझ्याकडे इलाज नाही. पण फिल्म घेऊन आल्यावर सर म्हणतात, “हा नाही, दुसरा काढून आणा,” त्यांचं काय? गेल्या आठवड्यात वहीत रेघा मारल्या. 9 जण.

त्यात एक आजी होत्या, गुडघ्याच्या. चिठ्ठीवर नुसतं ‘नी एपी-लॅटरल’, म्हणजे गुडघा, समोरून आणि बाजूने. सेंटरवाल्यांनी टेबलावर झोपवून काढला. सरांना हवा होता उभ्याने, दोन्ही गुडघ्यांचा. आजी परत गेल्या, पुन्हा पैसे भरले, साडेपाचची एसटी चुकली. मला म्हणाल्या, “अगं, मगापासून उभीच हाय की मी तुझ्यासमोर, तवाच काढायचा.”

सर सेंटरला बोल लावतात, सेंटरवाले सरांना, आणि मधे मी. कॉम्प्युटरवर वगैरे जायचा सरांचा विचार नाही. कागदावरच काय करता येईल?

काळी_फिल्म
ताई, मी चिठ्ठीच्या पलीकडचा. एक्स-रे टेक्निशियन.

निम्मा घोळ ‘पाय’ या शब्दाचा आहे. डॉक्टर आत ‘लेग’ म्हणतात, त्यांच्या लेखी तो गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. बाहेर येईपर्यंत त्याचा ‘पाय’ होतो, आणि आपला पाय खुब्यापासून करंगळीपर्यंत कुठेही असतो. पेशंटला विचारावं तर तो आधी चप्पल काढतो! हाताचं तेच. कंबर दुखते म्हणणारे कितीतरी जण प्रत्यक्षात खुब्यावर हात ठेवतात. तेव्हा खुबा, मांडी, गुडघा, नडगी, घोटा, टाच, चवडा, असं नाव घेऊनच लिहा. डावा-उजवा अक्षरांत लिहा. घाईतला इंग्रजी एल आणि आर मी आजवर किती वेळा फोन करून विचारलाय, मोजदाद नाही.

गुडघा उभ्याने की झोपून हे लिहिलंच पाहिजे. अंगाचा भार पडल्यावर सांध्यातली फट जेवढी कमी दिसते, तेवढी झोपवल्यावर दिसत नाही. झीज झालेला गुडघासुद्धा टेबलावर बरा वाटतो.

आणि एक ओळ: कशासाठी. ती कोणी लिहीत नाही. नुसतं ‘मनगट’ असेल तर मी दोन बाजूंनी काढून मोकळा होतो. ‘हातावर पडला, अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय’ एवढं कळलं तर मनगट करंगळीकडे वाकवून स्कॅफॉइडची, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या मनगटातल्या छोट्या हाडाची, जादा फिल्म घेतो. त्या हाडाचं फ्रॅक्चर साध्या फिल्मवर सहज निसटतं.

बाईमाणसाला दिवस गेलेत का, हे शक्य तर तुम्हीच एकटीला गाठून विचारा. आमच्या दारात नवरा नाहीतर सासू उभी असते.

हिशेबनीस
आमच्याकडे केसपेपर काढतानाच एक्स-रेला पाठवतो. ‘काय दुखतंय?’ विचारायचं, तिथला काढायचा. सरांसमोर पेशंट फिल्मसकटच जातो. एक फेरी वाचते.

प्लास्टरवाला_डॉक्टर
फेरी वाचते, पण नको ते एक्स-रे निघतात. घोटा मुरगळला की फिल्म काढलीच पाहिजे असं नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी साधे नियम दिले. घोट्याच्या हाडावर ठरावीक जागी दाबून दुखतंय का, आणि चार पावलं टाकता येतात का, हे आधी बघायचं. ते बघायला हात लावावा लागतो. दुसरं, लहान मूल गुडघा धरून लंगडत येतं आणि दुखणं खुब्यात निघतं. तिथे काउंटरवरून गुडघ्याचा काढून आणला, तो चांगला आला आणि आई-बाप निर्धास्त घरी गेले, तर? नवा पेशंट आधी डॉक्टरच बघणार.

जुन्या पेशंटांचं मात्र वेगळं. प्लास्टर घातलेले, प्लेट-रॉड बसवलेले. त्यांना पुढच्या खेपेला कुठला एक्स-रे लागणार हे मला आजच माहीत असतं. मग चिठ्ठी आजच का देऊ नये? मी केसपेपरला टाचून देतो: अमुक तारखेला, उजवं मनगट, प्लास्टरसकट. ‘प्लास्टरसकट’ की ‘काढून’ हे लिहायला विसरू नका, नाहीतर सेंटरवरून पेशंट विचारायला परत येतो. नीट लिहिलं असलं की त्या तारखेला पेशंट थेट सेंटरवर जातो नि फिल्म घेऊनच माझ्याकडे येतो.

चूक आमचीच असते हो. मनात ‘उभ्याने’ असतं, कागदावर उतरत नाही.

काउंटरवाली
तीन आठवड्यांनी लिहितेय. रबरी शिक्का करून घेतला. माणसाची आकृती, पुढून आणि मागून, खाली डावा / उजवा, उभ्याने / झोपून, प्लास्टरसकट / काढून, आणि ‘कशासाठी’ची रिकामी ओळ. सर आधी म्हणाले, “मी काय शाळेत आहे का चित्रं रंगवायला?” दोन दिवस नुसते गोल केले, ओळ कोरीच. मग मी पेशंटला आत सोडतानाच ती ओळ पेशंटच्या शब्दांत भरायला लागले: ‘शेणावर पाय घसरला, टाचेवर पडले.’ सर हसले, आणि त्याखाली स्वतःचं लिहू लागले.

एक नवीनच निघालं. आकृती पुढून काढली की तिचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, आणि पहिल्याच दिवशी मीच उलटा गोल केला. सेंटरवाल्या दादांनी पकडलं म्हणून बरं. आता आकृतीच्या दोन्ही बाजूंना पेनाने ‘डा’ आणि ‘उ’ लिहिते. पुढच्या शिक्क्यात ते कोरूनच घेणार.

गेल्या आठवड्यात परत पाठवलेले 3. पैकी दोन जण जुनी फिल्म घरी विसरून आलेले, त्यांना शिक्का काय करणार. पुढच्या तारखेची चिठ्ठी टाचायला सर सोमवारपासून तयार झालेत. स्टेपलरच्या पिना मात्र माझ्या पैशाने आणल्यात.