टेंभा, चूड की चकवा? भुताच्या दिव्याला मराठीत नक्की काय म्हणायचं

भाचीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी दलदलीतल्या गूढ दिव्यांवर मराठीत लिहून हवंय आणि मी पहिल्याच ओळीत 'विल ओ द विस्प' या शब्दावर तीन दिवस अडकून पडलोय. लॅटिनमधे त्याला इग्निस फॅट्युअस म्हणतात, म्हणजे वेडगळ आग. मी आधी 'भ्रामक ज्योत' लिहिलं होतं, ते आईला वाचून दाखवलं तर म्हणाली असं कोण बोलतं, टेंभे म्हण की सरळ.

आईचं माहेर मुळशीकडचं. तिच्या लहानपणी अवसेच्या रात्री समोरच्या डोंगराच्या धारेवर दिवे दिसायचे, एकामागे एक, हलत हलत जाणारे, मधेच एखादा विझायचा आणि थोडं पुढे परत पेटायचा. आजी सगळ्या पोरांना आत घ्यायची, दार लावायची आणि म्हणायची वेताळाची पालखी निघालीये, टेंभे मोजू नका. म्हणजे त्या दिव्याला वेगळं असं नाव नव्हतंच, टेंभा हा रोजच्या वापरातलाच शब्द, काठीला चिंध्या गुंडाळून रॉकेलमधे बुडवून पेटवलेला, नंतर नंतर टायरचा तुकडा लावलेला. भुताच्या हातात तोच.

आणि मग लक्षात आलं की 'टेंभा मिरवणे' आपण रोज बोलतो, शहाणपणाचा टेंभा, श्रीमंतीचा टेंभा, पण त्यातला टेंभा म्हणजे काय हे माझ्या भाचीला माहीतच नव्हतं, तिला वाटत होतं टेंभा म्हणजे काहीतरी तोरा. तिची चूक नाही, पुण्यात कोथरूडमधे वाढलेल्या मुलीने टेंभा बघितलाय कुठे. मिरवणुकीत पुढे उजेड धरून चालायचं ते मिरवणं, त्यावरून दिखावा.

वेताळ तर आपल्या पुण्यातच आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे शेकड्याने लोक आहेत, वर देऊळ आहे, आणि आजची गुरुवार पेठ ही आधी वेताळ पेठ होती. भुतांचा राजा, त्याची स्वारी निघणार तर पुढे उजेड हवाच, इतका सरळ विचार आहे त्यामागे. 'आग्या वेताळ' पण त्याच घरातला, तोंडातून जाळ काढणारा, आता मात्र आपण तो फक्त तापट माणसाला म्हणतो.

मला यात एक फार आवडलं ते सांगतो. आपल्या भाषेत आग कोणाच्या हातात आहे त्यावर शब्द बदलतो. खंडोबाची दिवटी, भवानीचा पोत, स्वारीपुढची मशाल, माकडाच्या हातातलं कोलीत, आणि भुताचा टेंभा. कोणी भुताची दिवटी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. मग 'भ्रामक ज्योत' मधे हात कुठे आहे? म्हणून तो शब्द निर्जीव वाटतो.

तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा, आणि यामागचं सायन्स नीट माहीत असेल तर तेही.

प्रतिसाद

मी मूळची मालवणकडची, लग्नानंतर गेली तीस वर्षं पुण्यात. आमच्याकडे चूड. सुक्या झावळ्यांची जुडी बांधून पेटवायची, ती हातात घेऊन रात्री वाटेने चालायचं, विझत आली की जरा हलवायची म्हणजे परत फुलते. आणि देवचार पण चूडच घेऊन फिरतो, काठी, खांद्यावर कांबळं आणि हातात चूड. माझी आजी म्हणायची, "अवसेक रानात खय जाव नको गो, देवचार चूड घेवन फिरता." पण आमचा देवचार वाईट नाही हां, तो राखणदार, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो असं सांगतात, त्यामुळे ती चूड लांबून दिसली तर भीती कमी आणि हात जोडणं जास्त.

आता तुमच्या इंग्रजी शब्दाचं, विस्प म्हणजे गवताची पेंढी, पिळून बांधलेली, आणि विल हे माणसाचं नाव. म्हणजे विलची पेटती पेंढी. ती चूडच झाली ना! इतका नेमका जोड असताना भाषांतर शोधताय कशाला, तिकडे विलच्या हातात चूड, इकडे देवचाराच्या.

प्रतिसाद

ताई, हे वाचून अंगावर काटा आला, खरंच. विस्पचा अर्थ बघायचं मला सुचलंच नव्हतं.

अजून एक राहिलं, मावसभावाने 'चकवा' सुचवलाय, पण मला तो वेगळा वाटतो. चकवा लागणे म्हणजे ओळखीच्या रानात फिरून फिरून त्याच झाडापाशी येणं, त्यात दिवा असेलच असं नाही. त्यावर उपाय पण वेगळा सांगतात, उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं. हा उपाय किती बरोबर आहे बघा, २००९ मधे जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं, सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले आणि ढग आले किंवा चंद्र मावळला की गोल फिरायला लागले, स्वतःच्याच वाटेला छेद देऊन गेले आणि त्यांना पत्ताही नाही. अवसेला चंद्र नसतोच. म्हणजे चकवा ही दिशेची गोष्ट आहे, टेंभा उजेडाची. टेंभ्यामागे गेला की चकवा लागतो असं जोडून सांगतात तेव्हाच दोन्ही एकत्र येतात.

प्रतिसाद

मी रसायनशास्त्र शिकवायचे, आता रिटायर्ड, त्यामुळे सायन्सचं मी लिहिते.

दलदलीत पालापाचोळा पाण्याखाली हवेशिवाय कुजतो आणि मिथेन तयार होतो. १७७६ मधे व्होल्टाने, तोच बॅटरीवाला, इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठचा चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि ते पेटवून दाखवले. पण अडचण अशी की मिथेन आपोआप पेटत नाही, त्याला ५०० अंशांच्या वर तापमान लागतं. मग पेटवतं कोण? पुस्तकात ठरलेलं उत्तर असतं फॉस्फीन, म्हणजे फॉस्फरसचा एक वायू, त्यात डायफॉस्फेन हा त्याचाच भाऊबंद मिसळलेला असेल तर हवा लागताच पेटतो, मी वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगितलं. पण त्या जाळातून पांढरा दाट धूर निघतो आणि वास घाणेरडा, आणि बघितलेले लोक तर थंड, निळसर, बिनधुराची ज्योत सांगतात, ते जुळत नाही. व्होल्टाला स्वतःला वाटायचं की वीज पेटवत असेल. गंमत म्हणजे २०२५ मधे स्टॅनफर्डच्या रिचर्ड झेअर यांच्या गटाने दाखवलं की पाण्यातल्या मिथेनच्या बारीक बुडबुड्यांमधे विद्युतभार साठून बारीकशा ठिणग्या पडतात आणि त्याने उजेड दिसू शकतो. प्रयोगशाळेतलं आहे हे, खऱ्या दलदलीत असंच होतं का ते अजून ठरायचंय, पण वीजच निघाली याचा मला फार आनंद झाला.

जवळ गेलं की दिवा लांब पळतो हे सगळीकडे सांगतात. १९व्या शतकात प्रशियाच्या मेजर ब्लेसनने ते तपासलं, आपल्या चालण्याने आणि श्वासाने हवा हलते म्हणून ज्योत सरकते असं त्याच्या लक्षात आलं, मग तो तोंड फिरवून, श्वास धरून हळूहळू जवळ गेला आणि त्याने त्यावर कागद करपवून दाखवला.

पण प्रत्येक दिवा हा गॅस नसतो. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर बुरशी हिरवट चमकते, काजवे आहेत. टेक्सासमधल्या मार्फाचे प्रसिद्ध दिवे बरेचसे लांबच्या हायवेवरच्या गाड्यांचे हेडलाइट निघाले. बंगालमधे दलदलीतल्या दिव्याला आलेया म्हणतात, कच्छच्या बन्नीत चीर बत्ती, तिथलं कारण नक्की झालेलं नाही. आणि एक लक्षात घ्या, हाडांतल्या फॉस्फरसमुळे दिवे पेटतात ही गोष्ट युरोपात दफनभूमीसाठी सांगतात, आपल्याकडे बहुतेक दहन होतं. आपल्या स्मशानातला रात्रीचा उजेड म्हणजे बहुतेक वेळा वाऱ्याने परत फुललेले चितेचे इंगळच.

प्रतिसाद

मॅडम, मनापासून आभार, हे सगळं प्रिंट काढून भाचीला देतोय.

डोंगराच्या धारेवरच्या दिव्यांचं आईला परत विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, तुझे आजोबा पहिल्या पावसाच्या रात्री चारपाच जणांना घेऊन ओढ्याला खेकडे धरायला जायचे, टेंभे घेऊनच, उजेडाने खेकडा जागच्या जागी थांबतो. अंधारी रात्र मुद्दाम धरायचे. म्हणजे कदाचित पलीकडच्या गावातली पोरं पण तेव्हा दार लावून बसत असतील आमच्या आजोबांची पालखी बघून. आईला हे पटलं, पण अर्धंच, तिचं म्हणणं तिने पाहिलेले टेंभे पाऊस नसतानाही असायचे, आणि जिथे वाटच नाही अशा कड्यावर.

प्रोजेक्टमधे शेवटी असं लिहिलंय: दलदलीतल्या आपोआप पेटणाऱ्या ज्योतीला 'भुताची चूड', ओळीने हलत जाणाऱ्या दिव्यांना 'वेताळाचे टेंभे', आणि चकवा वेगळ्या चौकटीत. 'भ्रामक ज्योत' खोडली.

खानदेश, मराठवाडा, विदर्भाकडचं कोणी असेल तर तुमचा शब्द सांगा, प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय.