टेलिमेडिसिनला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरकार, पुणे

एका आरोग्यसंस्थेच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मूळ मजकुरात टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून लांबून दिलेली वैद्यकीय सेवा), टेलिहेल्थ आणि टेलिकन्सल्टेशन असे तीन शब्द आहेत, तिन्ही वेगळ्या अर्थांनी. मी दूरवैद्यक, दूरआरोग्य आणि दूरसल्ला असे लावून बघितले. 'दूरआरोग्य' वाचून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आरोग्य लांब गेलं का?" तेव्हापासून तो शब्द लिहायला हात धजत नाही. उपकेंद्रात लावायचा एक फलकही करायचा आहे. जाणकारांनी मदत करावी.

निवृत्त डॉक्टर, सातारा

ताई, सासूबाईंचा कान पक्का आहे. जे लांबून करता येतं किंवा लांबून पोचतं, त्याला 'दूर' बेमालूम जोडला जातो: दूरध्वनी, दूरदर्शन, दूरशिक्षण. आरोग्य ही करायची गोष्ट नाही, ती अवस्था आहे. तिथे 'दूर' लावला की तो नुसतं विशेषण होऊन बसतो. टेलिहेल्थसाठी 'दूरस्थ आरोग्यसेवा' लिहा. लांबलचक आहे, पण अर्थाचा घोटाळा होत नाही.

आता टेलिमेडिसिनला दूरचिकित्सा म्हणायचं की दूरवैद्यक? मी दूरवैद्यकाच्या बाजूचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जिथे अंतर हा कळीचा मुद्दा आहे, अशा ठिकाणी माहिती-संचार तंत्रज्ञान वापरून दिलेली सेवा येते. त्यात निदान, उपचार आणि प्रतिबंध आहेच, शिवाय संशोधन आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं पुढचं शिक्षणही आहे. 'चिकित्सा'च्या पोटात एवढं मावत नाही. 'वैद्यक' म्हटलं की सगळं शास्त्र आलं. आपल्याकडची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. त्यांनीही हीच व्याख्या घेतली आहे.

त्याआधी २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फोनवरून केलेल्या उपचारांबद्दल कडक शब्द वापरले होते. त्यानंतर माझ्या ओळखीतले कित्येक डॉक्टर फोनवर गोळीचं नाव घ्यायला कचरत. नियम लिहून मिळाले तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला, हे मनापासून सांगतो.

समुदाय आरोग्य अधिकारी, उपकेंद्र

आमच्याकडे यातला एकही शब्द कुणी म्हणत नाही. गावात विचारतात, "व्हिडिओवर दाखवलं का?" दवाखान्यात जाण्याला आपण 'दाखवणं'च म्हणतो ना, तेच पुढे आलं. कागदावर ते ई-संजीवनी, सरकारची टेलिमेडिसिन सेवा.

परवाचंच सांगते. एक आजी आल्या, पाय सुजलेले. टॅब्लेटवर डॉक्टर जोडले. ते म्हणाले, "सिस्टर, घोट्याच्या वर अंगठा दाबून धरा आणि सोडा. खड्डा राहतो का?" राहिला. मग मी कॅमेरा पायाजवळ नेला, रक्तदाब घेऊन सांगितला. आजी पूर्ण वेळ माझ्याकडे बघून बोलत होत्या, पडद्याकडे एकदाही नाही. निघताना म्हणाल्या, "तू चांगलं तपासलंस गं."

म्हणून मला 'दूर' हा शब्द खटकतो. दूर फक्त डॉक्टर होते. हात माझा होता, आणि तो पायावरच होता.

निवृत्त डॉक्टर, सातारा

सिस्टर, तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. ई-संजीवनीचे मुळात दोन प्रकार आहेत. एकात आरोग्य केंद्रातला कर्मचारी रुग्णाला समोर बसवून डॉक्टरांना जोडतो. दुसऱ्यात, म्हणजे 'ई-संजीवनी ओपीडी'त, रुग्ण घरूनच थेट बोलतो. पहिल्यात तपासणी होते, हात दुसऱ्याचा असला तरी. दुसऱ्यात बहुतेक वेळा नुसता सल्लाच. मराठीत 'सल्ला' आणि 'तपासणी' हे दोन शब्द तयार आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

हा फरक नियमांतही दिसतो. रुग्ण स्वतःहून बोलायला आला तर त्याची संमती गृहीत धरतात. कर्मचाऱ्याने जोडून दिलं तर ती स्पष्ट विचारावी लागते. औषधांचंही तसंच. साध्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्या फोनवरही सांगता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवा, काही फक्त फॉलोअपला चालतात, आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची अजिबात नाहीत. फॉलोअप म्हणजे त्याच दुखण्यासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा. दुखणं बदललं की ती पहिली भेट. माहितीपत्रकात 'पुनर्भेट' लिहिलंत तर ही अट खाली जरूर द्या. नाहीतर वर्षभराने आलेला माणूसही स्वतःला जुनाच पेशंट समजतो.

भाषांतरकार, पुणे

खूप उपयोग झाला. सेवेचं आणि विषयाचं नाव 'दूरवैद्यक', पहिल्या उल्लेखाला सोबत 'टेलिमेडिसिन'. टेलिहेल्थला 'दूरस्थ आरोग्यसेवा'. टेलिकन्सल्टेशनला घरून असेल तर 'दूरसल्ला', केंद्रातून असेल तर 'व्हिडिओद्वारे तपासणी'. फलकावर मात्र यातलं काहीच नको. तिथे लिहिते: 'मोठ्या डॉक्टरांना इथूनच व्हिडिओवर दाखवा.' सिस्टर, चालेल?

समुदाय आरोग्य अधिकारी, उपकेंद्र

'मोठ्या' काढा, ताई. पडद्यावर पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टरही असतात, त्यांना कमीपणा नको. बाकी एकदम बरोबर. आणि खाली वार-वेळ ठळक टाका, लोक माझ्याकडे आधी तेच विचारतात.