वाचन थांबलं, लिखाणही थांबलं. तुमचं झालंय का असं?

काल माळ्यावरची पुस्तकं गच्चीत उन्हात घातली, पावसाळा संपला की दरवर्षी घालते, तर एका कथासंग्रहात पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, जुनं तिकीट सापडलं. पीएमटीची पीएमपीएमएल 2007 ला झाली म्हणजे त्याच्या आधीचं. तेव्हा कोथरूड ते मनपा उभ्याने, एका हाताने दांडा धरून वाचायचे आणि रात्री दोन-चार ओळी वहीत उतरायच्याच. आता दीड वर्ष झालं, एक पुस्तक पूर्ण नाही. दिवाळी अंकासाठी जूनमध्ये फोन आला होता, कथा देते म्हणाले आणि दिलीच नाही. वही उघडते, तारीख घालते, मिटते. एकच काहीतरी थांबलं असतं तर दुसऱ्याचा आधार असता. तिकीट हातात घेऊन गच्चीत बसून रडले. कोणाचं झालंय असं? कसं सुटलं?

—

सेम. सध्या चालूच आहे. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

—

ताई आधी डोळे तपासा, खरंच सांगतोय. माझी तीन वर्षं गेली, मोबाईलला दोष देत बसलो. दोन पानं झाली की डोकं जड. मुलगी म्हणाली बाबा पुस्तक एवढं लांब का धरता, मग गेलो तर जवळचा नंबर निघाला, दीड. चाळिशी लागली होती! चष्मा आला त्या रात्री साठ पानं सलग वाचली, बायको उठून दिवा बंद करा म्हणाली तरी वाचत होतो. लिहिणं मात्र चष्म्याने आलं नाही, त्याला पुढे सहा महिने लागले. वाचलेलं मुरावं लागतं आधी.

—

ते तिकीट टाकू नका प्लीज, मी जुनी तिकिटं जमवतो. कंडक्टरने पंच केलेलं आहे का? फोटो टाका ना.

—

बाबा गेले आणि माझं थांबलं. लक्ष्मी रोडच्या नगर वाचन मंदिरात आमचं एकच खातं होतं. 1848 ची लायब्ररी आहे हे ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. त्यांना एक सवय होती, छापील पुस्तकातल्या शुद्धलेखनाच्या चुका शिसपेन्सिलीने दुरुस्त करायचे, लायब्ररीच्या पुस्तकातसुद्धा, मला लाज वाटायची. वर्षभराने राहिलेलं पुस्तक परत द्यायला गेले आणि उगाच एक प्रवासवर्णन चाळलं, तर पान 112 वर 'आणी' ची दुसरी वेलांटी खोडून पहिली केलेली, बारीक, त्यांचंच अक्षर. तिथेच उभी राहिले. ते पुस्तक घरी आणलं, पुढची दुरुस्ती शोधायची म्हणून वाचत गेले, अकरा सापडल्या. आता तेच करते, त्यांनी वाचलेली पुस्तकं आठवून आणते. सापडलेली दुरुस्ती तारखेसह वहीत उतरवते, शेजारी दोन ओळी आपोआप येतात. लिखाण म्हणायचं तर एवढंच आहे सध्या.

—

☝️ डोळे भरून आले ग. माझे बाबा पेपरात करायचे असं, लाल बॉलपेनने.

—

बाळ झाल्यावर दोन वर्षं मी एक ओळ वाचली नाही. मग सासूबाईंकडून गोडा मसाला लिहून घ्यायला बसले. त्यांचं प्रमाण म्हणजे "दगडफूल जरासं, खोबरं हाताला येईल तेवढं". मी वाटीने मोजत, लिहीत, परत विचारत. त्यात त्यांच्या माहेरचं, विहिरीचं सगळं यायला लागलं आणि मी तेही लिहीत सुटले, मसाला तीन ओळी आणि बाकी सोळा पानं. कथा लिहायची असं ठरवून बसले असते तर नसतं झालं हे मला पक्कं माहितीये.

—

सोळा पानं नंतर वाचते, आधी मसाला टाक 😄 धणे किती घेतेस?

—

अर्धा किलोला बाकीचं सगळं मिळून पाव. मेसेज करते.

—

मी वनाझला मेट्रोत बसतो रामवाडीपर्यंत, फोन बॅगेत तळाशी. बसायला मिळतं म्हणून वाचून होतं. रोज आठ-दहा पानं. पूर्वी दिवसात पुस्तक संपवायचो, पण आहे ते बरं आहे.

—

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतलीये शनिवारची. तिकिटावर पंच आहे, फोटो टाकते पण देणार नाही हं दादा, ते होतं त्याच पानावर परत ठेवलंय. आणि पेन्सिलवाल्या ताई, तुमच्या बाबांनी वाचलेलं एखादं पुस्तक मला सांगाल? मीही आणून बघेन.

—

सांगते की. यादी वहीत आहे, संध्याकाळी टाकते. फक्त खोडू नका कुठे.