बाहुली चिनी, बोटं जावाची

'चिनी बाहुल्यांचा खेळ चिनी वस्तीपुरताच, बाकीच्यांना त्यात काय रस?' असं कुणी म्हणेल. इंडोनेशियातलं पोतेही, म्हणजे हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचा खेळ, बघा की! चीनच्या फूजियान प्रांतातून आलेली ही कापडी बाहुली. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट तिच्या हातांत. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात, १९६७च्या आदेशानं चिनी सण-विधी चारचौघांत करायला बंदी आली आणि खेळ चिनी देवळाच्या आवारात कोंडला गेला. पुढचे एक राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० साली तो आदेश रद्द केला. आता चिनी नववर्षाला मॉलमध्येही खेळ होतात. पण पडद्यामागचे दलांग, म्हणजे सूत्रधार, कितीतरी ठिकाणी जावानीज मुसलमान आहेत. सुरुवातीचं गाणं होक्कियन या फूजियानकडच्या चिनी बोलीत म्हणतात, पुढचे संवाद इंडोनेशियनमध्ये.