मदत हवी आहे : कोलंबस, इंडियाना येथे ओढ्याजवळचे घर घ्यावे का?

नमस्कार मंडळी. इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीतील नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इंडियानातील कोलंबस येथे आलो आणि या गावात आमचा जीव इतका रमला आहे की, आता येथेच स्वतःचे घर घ्यायचे ठरवले आहे. आय. एम. पेई यांनी रचलेले ग्रंथालय, त्यापुढची हेन्री मूर यांची हिरवट ब्राँझची कमान आणि उन्हाळ्यातील शनिवारचा शेतकरी बाजार, जिथे विक्रेते आता आम्हाला नावाने हाक मारतात, हे सोडून मोठ्या शहरात जावेसे वाटत नाही.

हॉ क्रीकजवळचे, तळघर असलेले एक जुने घर आम्हाला पसंत आहे. परंतु जून २००८ मध्ये याच ओढ्याच्या पुराने येथील रुग्णालयात पाणी शिरले होते आणि नेहमीच्या गृहविम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. तळघराच्या भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत पांढरे क्षार फुटलेले दिसतात. ते जुन्या पुराचे की नेहमीच्या ओलीचे, हे कसे ओळखावे? सम्प पंप (तळघरात साचणारे पाणी बाहेर टाकणारा पंप), रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) आणि सांडपाण्याची नळी यांची तपासणी सौद्यापूर्वी वेगळी करून घ्यावी का? पुराच्या विम्याचा हप्ता परवडेल की नाही, याचा अंदाज करार करण्याआधी कोणाकडून घ्यावा? अशा भागात राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.